फडक्यांची तार

१५ सप्टेंबर, सोमवार

पानं काय मी घरून पिशवीत भरून आणते आणि शाळेच्या अंगणात पसरते? सकाळी सातला झाडते, मधल्या सुट्टीआधी झाडते, सुट्टीनंतर पुन्हा झाडते, तरी मोठ्या बाई ऑफिसच्या खिडकीतून मान काढून विचारणार, "मावशी, आज झाडलं नाही वाटतं?" झाडलं नाही! माझ्या कंबरेला विचारा. रस्त्यावरची सगळी झाडं हिरवीगार उभी आहेत आणि आमच्याच तुतीला पानं गाळायची घाई. गळायला अजून दोन महिने आहेत. अर्धं झाड आत्ताच पिवळं. मी तोंडावर सांगून टाकलं, "कापा एकदाचं. ना पानं, ना कटकट." मोठ्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. घेऊ देत.

ही वही फुकटात मिळाली. पाचवीच्या नव्या बाईंनी वर्गातल्या छत्तीस पोरांना एकेक 'झाडाची वही' दिली. रोज झाडाकडे बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. एक उरली. म्हणाल्या, "मावशी, झाडाखाली सगळ्यांत जास्त वेळ तुम्हीच असता. तुम्हीच लिहा." मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली. तर म्हणतात, "झाडानं कुठे शाळा केलीय?" आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही. पण कोरी वही परत देववेना.

तर आज झाडाकडे बघितलं. झाड आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

नव्या बाईंनी वही बघितली. "झाड आहे" वाचून म्हणाल्या, "बरोबर आहे, पण थोडं जवळ जाऊन बघा." म्हणजे मी काय लांबून बघते? नऊ वर्षं त्याच्या बुडाशी बादल्या रिकाम्या करतेय.

बरं, जवळून. तुती अंगणाच्या कोपऱ्यात. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचा मोठा ड्रम, तो बुंध्याला टेकलेला. ड्रम मी कधी हलवत नाही, हलतच नाही. झाडापासून कोठीच्या खिडकीच्या गजापर्यंत माझी तार. तिच्यावर फरशी पुसायची फडकी वाळतात. आमच्या ह्यांनी बांधलेली. हे वायरमन, त्यामुळे काम पक्कं. बुंध्याभोवती दोन फेरे, पक्कडीनं पीळ घातलेला. तेव्हा म्हणाले होते, "शाळा पडेल, पण माझी गाठ सुटायची नाही." पहिल्यांदा तार जरा ढिली होती, फडकी जमिनीला लागायची. आता काय ताठ झालीय! वाजवली तर वाजेल. गाठ दिसतही नाही, झाडानं तोंडातच धरल्यासारखी.

तारेच्या वर बुंध्याला पोट सुटलंय. अगदी आमच्या वॉचमनचं पट्ट्यावर सुटलंय तसं.

बुडाशी कोंब सारखे येतात. मोडून टाकते. मोडले की परत येतात, निर्लज्ज. बादली ठेवायला जागा नको?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नव्या बाईंनी तुतीखाली पत्र्याचा एक डबा ठेवलाय. झाडांबद्दल जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, शुक्रवारी उघडायचा. पोरांना उत्तर नुसतं सांगायचं नाही, करून बघायचं. हा नवा छंद. मी आपली बाजूला झाडत होते. कान काय झाडू धरत नाहीत.

निम्म्या चिठ्ठ्या एकाच पोरीच्या. हिरव्या पेनानं लिहिते. मी तिचं नाव चौकशी ठेवलंय. झाड झोपतं का? झाडाच्या मध्यभागी काय असतं? (मध्यभाग म्हणे मेलेलाच असतो. झाड जगतं ते सालीलगत, कडेकडेनं. आतून पोकळ झालेलं झाडसुद्धा जगतं.) केळ झाड आहे का? (नाही! ते खोड नव्हेच, पानांच्याच गुंडाळ्या एकीवर एक. इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही.)

मग चौकशीनं विचारलं, "बुंध्यावर खिळा ठोकला आणि झाड वाढलं, तर खिळा वर जाईल का?"

सगळा वर्ग ओरडला, जाईल! वॉचमनसुद्धा म्हणाला, "जाणारच की. माणूस उंच झाला की डोकं वर जात नाही?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काही वर जात नाही. ही तार बघा. नऊ वर्षांपूर्वी बांधली तेव्हा माझ्या खांद्याला होती. आजही खांद्यालाच आहे. झाड मात्र तेव्हा छपराएवढं होतं, आता छपराच्या वर गेलंय. आणि मी काही वाढलेली नाही."

"आडव्या वाढलात," वॉचमन म्हणाला.

नव्या बाईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, हाच पुरावा! झाड उंच होतं ते शेंड्याकडून, बुंधा आहे तिथेच राहतो आणि फक्त जाड होतो, दरवर्षी एक कडं चढवून. छत्तीसच्या छत्तीस पोरांनी माझ्या खांद्याला आणि तारेला फूटपट्ट्या लावल्या, वहीत लिहून घेतलं, 'मावशींची तार'. आणि टाळ्या. ह्या शाळेत माझ्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या. घरी सांगितलं. हे म्हणाले, "गाठ कोणाची पण?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पोरांनी एका फांदीच्या पानांना सकाळी प्लास्टिकची पिशवी बांधली. मी म्हटलं, उद्या त्यात काय अंडं सापडणार? दुपारी बघते तर पिशवीत पाणी! वरून कोणी ओतलं नव्हतं, मी पहारा दिला होता. मुळांनी प्यालेलं पाणी पानं श्वासासारखं बाहेर सोडतात. पानाला खालून तोंडं असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक. लाखो. आणि सगळी गप्प. वर्गात असं असतं तर.

आणखी एक. ह्या एकाच तुतीवर पानं तीन तऱ्हेची. एक सरळ, एकाला एका बाजूला खाच, एकाला दोन्हीकडे. पाटावर बसलेली भावंडं जशी. रोज मी हीच पानं भरते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते, पण नाही आलं.

स्वयंपाक पानात होतो. उन्हावर. पाणी लाकडातून वर जातं, आणि शिजलेलं अन्न सालीच्या आतल्या बाजूनं खाली मुळांना पोचतं. म्हणजे मुळांचा डबा वरून येतो.

चौकशी म्हणाली, "मग डबा पोचला नाही तर?"

बाईंनी सांगितलं, "तर मुळं उपाशी. आणि मग पाणी तरी वर कोण पाठवणार?"

"आपली तुती म्हणून पिवळी आहे का?"

नव्या बाई म्हणाल्या, शोधायला पाहिजे. शोधायचं काय त्यात? मी वॉचमनचं नाव सांगितलं. रोज उरलेला चहा आणि चोथा बुडाशी ओततो, तिथेच चूळ भरतो. मोठ्या बाईंनी त्याला ऑफिसात बोलावून झापलं. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. नको बोलू. झाडाच्या जिवाशी खेळतो म्हणजे काय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल शाळा सुटल्यावर एक वाळकी फांदी पडली. अंगणात कोणी नव्हतं म्हणून निभावलं. आज शाळा समितीची माणसं आली, मान वर करून बघितलं आणि ठरवलं. परीक्षा संपल्या की, एक एप्रिलला, तुती तोडायची. मोठ्या बाईंनी त्यांना माझं नाव घेऊन सांगितलं, "सफाईच्या मावशींचीसुद्धा तीच मागणी आहे."

पाचवीतली दोन पोरं रडली. चौकशी रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतं कापायला?"

"हो."

"का?"

"पानं कोण झाडतं? तू?"

ती म्हणाली, "हो, मी झाडीन." आणि खरंच झाडू उचलला. हातात धरता येत नाही धड. मी काढून घेतला.

माझी मागणी पुरी झाली. कंबरेला आराम मिळणार. मग आज जेवण का गेलं नाही कोण जाणे.

८ जानेवारी, गुरुवार

झाड तोडणारा बघायला आला. किती फांद्या, कुठून दोर लावायचा, ह्याचा अंदाज घ्यायला. वय झालेला माणूस, हात सालीसारखेच. पंचवीस वर्षं फळबागेत कलमं केली, बाग विकली गेली म्हणून आता तोडतो. चढला. वरच्या फांदीला नखानं खरवडलं, आत तपकिरी. "मेली." भिंतीकडच्या फांदीला खरवडलं, आत हिरवं. "ही जिवंत." पोरं खाली रांगेत उभी राहून आपापल्या वह्यांत मेली, जिवंत लिहीत होती.

मग खाली उतरला आणि बुंध्याचं पोट चाचपत थांबला. माझी फडकी बाजूला सारली. बोटानं खाच चाचपली.

"ताई, ही तार कोणी बांधली?"

"असेल कोणाची तरी," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. वहीत लिहून ठेवते, निदान इथे तरी.

तो म्हणाला, "झाड दरवर्षी जाड होतं. तार होत नाही. आत रुतत गेली. वरून येणारं अन्न सालीतून उतरतं ते इथे अडलं, म्हणून वर पोट. खाली मुळांना काही नाही. हा फास आहे, ताई. चहाबिहानं काही होत नाही झाडाला."

वॉचमन शेजारीच उभा होता. माझ्याकडे नुसतं बघितलं.

नव्या बाईंनी तार कोणाची ते विचारलंच नाही. बरं झालं. पोरंही गप्प होती, चौकशीसुद्धा. पोरं विसरतात.

९ जानेवारी, शुक्रवार

काल घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे पंखा उघडून बसले होते.

"तुमच्या गाठीनं झाड मारलं."

"सुटली का?" पहिला प्रश्न हा!

"सुटली असती तर बरं झालं असतं. गळ्यात रुतलीय."

बराच वेळ पंख्याचं पातं पुसत राहिले. मग म्हणाले, "मला तू सांगितलंस घट्ट बांधा म्हणून." म्हटलं, हो, मीच सांगितलं. म्हणाले, "नऊ वर्षं तू रोज फडकी टाकत होतीस, तुला दिसलं नाही?" म्हटलं, दिसलं. ताठ झाली म्हणून खूश होते. आमच्यात भांडण एवढ्या लवकर कधी संपलेलं नाही.

११ जानेवारी, रविवार

हे शाळेत आले, मोठी कटर घेऊन. तोडणाऱ्यालाही बोलावलं होतं. जिथे दिसली तिथे तार तोडली, जेवढी ओढून निघाली तेवढी काढली. बाकीची झाडाच्या पोटात. ती तशीच राहू द्या, ओढलीत तर आणखी फाडाल, असं तो म्हणाला. भिंतीकडच्या बाजूला तारेखाली सायकलच्या टायरचा तुकडा सापडला. ह्यांनीच घातला होता, साल खरचटू नये म्हणून. तुकडा तेवढाच होता, बाकीच्या बाजूला पुरला नाही. जिथे टायर, तिथे साल जिवंत. म्हणून तेवढ्याच फांद्या हिरव्या. हे त्या तुकड्याकडे बघतच राहिले.

तोडणारा म्हणाला, "खालून फूट असती तर काहीतरी करता आलं असतं. वरून काही मिळेना की झाड बुडाशी कोंब काढतं. त्यांचे शेंडे वरच्या सालीत कलम करायचे, जखमेवरून पूल बांधल्यासारखे. अन्न पुलावरून उतरतं. पण इथे तर एक कोंब नाही. झाडानं काढले असणारच. कोणी मोडले?"

मीच. दर आठवड्याला. ह्या हातांनी.

ह्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाले ड्रमच्या मागे बघू. मी म्हटलं, ड्रम हलत नाही. तिघांनी मिळून हलवला. मागे तीन कोंब. कोंब कसले, काठ्या! भिंतीला चिकटून, अंगठ्याएवढ्या जाड, माझ्या डोक्यापर्यंत. जिथे माझा झाडू पोचला नाही तिथे झाड जगायची धडपड करत होतं.

"ताई, तुमच्या आळसाला हात जोडले पाहिजेत," तोडणारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी आळशी म्हटलं आणि मी उलटून बोलले नाही.

लगेच नाही करायचं. झाड जागं होऊ लागेल तेव्हा साल सुटते, तेव्हा. तोवर रोज पाणी, ते माझ्याकडे.

१३ जानेवारी, मंगळवार

वॉचमनला चहा नेऊन दिला. म्हटलं, "तुझा चहा झाडाला बाधला नव्हता."

"माफी मागताय का?"

"चहा दिलाय ना."

"साखर कमी आहे."

"माफी एवढ्याच साखरेची आहे."

प्यायला. उरलेला बुडाशी ओतला, माझ्याकडे बघत बघत. मी रिकामा कप उचलला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळे फुगले, म्हणजे कळ्यांचे. आज कलम केलं. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण म्हणाल्या, "मुलांचा प्रयोग म्हणून करा. एक एप्रिल कायम आहे."

पाचवी गोल करून बसली. तोडणाऱ्यानं कोंबाचा शेंडा तिरका कापला. पोटाच्या वर बुंध्याच्या सालीला चीर दिली, साल पुस्तकाच्या पानासारखी उघडली, त्यात शेंडा सरकवला, बारीक खिळे मारले, वरून पट्टी आणि मेण. पांढरा चीक सांडला. तुतीचं दूधच ते. असे तीन पूल. दोन कोंब थेट पोचले. तिसरा कडेला होता, वाकवून आणावा लागला. धरायला मी होते. तो काप देत असताना हात थरथरू द्यायचा नव्हता. पाऊण तास धरून होते. खांद्याला वात आलाय.

पोरांनी विचारलं, "दुखत असेल का?" तोडणारा म्हणाला, "ते मला नाही माहीत. पण झाड जखम भरत नाही, जखमेभोवती नवीन वाढ करून तिला आत घेतं. जुनं तसंच राहतं, झाड पुढे जातं."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डब्यात एकच चिठ्ठी. 'कोणाकडून चूक झाली ते झाडाला कळतं का? आणि त्याच माणसानं रोज पाणी घातलं तर झाड ते धरतं का?' नाव नाही. हिरव्या पेनानं लिहिलेली. पोरं काहीही विचारतात. चूक कोणाची, पाणी कोणाचं, झाड काय हिशेब ठेवतं?

नव्या बाई म्हणाल्या, "ह्याचं उत्तर करून बघायलाच लागेल." आणि माझ्याकडे बघून हसल्या. कशाला ते समजलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

पूल धरले! तिन्ही! पट्टीच्या वर दोन महिने मेल्यासारखी दिसणारी रस्त्याकडची एक फांदी, तिला बारीक बारीक पानं. मी ओरडले तेव्हा वॉचमन काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. तोडणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, पानं जुन्या शिदोरीवरही फुटतात, पण सांधे भरलेत, ही खरी खूण. सगळं झाड परत येणार नाही, मेल्या फांद्या उतरवाव्या लागतील. पण उभं राहील. एक-दोन उन्हाळे द्या. "तोडणं काय, ते कधीही होतं."

मोठ्या बाईंना सांगायला गेले. मान वर न करता म्हणाल्या, "बघू."

हा शब्द मला माहीत आहे. कोठीच्या गळक्या छपराला चार वर्षं झाली, 'बघू'च चाललंय.

२० मार्च, शुक्रवार

आज डबा उघडायच्या आधी मीच उभी राहिले. म्हटलं, "पोरांनो, ती तार माझी होती. आणि कोंबही मीच मोडायचे."

चौकशी म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, मावशी. तुमच्या खांद्यालाच नाही का मोजली होती?"

छत्तीस वह्यांत लिहिलेलं! 'मावशींची तार'! आणि मी आपली अडीच महिने मान खाली घालून फिरतेय.

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही रोज पाणी घालत होता ना. म्हणून थांबलो."

डोळ्यांत कचरा गेला. झाडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत कचरा जायचाच.

२३ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंना द्यायचं पत्र. नव्या बाई म्हणाल्या, मी शुद्ध करून देते. नको म्हटलं. इथे आधी उतरवते, उद्या सकाळी झाडायच्या आधी टेबलावर ठेवणार.

मोठ्या बाईंना,

तुती पिवळी पडली ती माझ्या तारेमुळे. वॉचमनमुळे नाही, त्याला तुम्ही झापलं ते माझ्या सांगण्यावरून, तेही चुकलं. तार आमच्या ह्यांनी बांधली पण मी बांधायला लावली. त्याबद्दल मला जे करायचं ते करा. पुढल्या वर्षी कामावर नको असेन तर तसं सांगा, मी ऐकून घेईन.

कापा असं मीच म्हटलं होतं. ते शब्द मी परत घेते. समितीच्या कागदावर माझं नाव असेल तर ते खोडा.

मेल्या फांद्या तोडणारा एका दिवसात उतरवून देतो म्हणाला आहे. तोवर त्या बाजूला दोर बांधून पोरांना जाऊ द्यायचं नाही, ते मी बघते. पानं मी झाडते. दिवसातून पाच वेळा झाडायला लागली तरी आता तक्रार नाही. म्हणजे करीन, पण झाडीन.

झाडाला दोन उन्हाळे द्या. मला बाकी काही नको.

एक एप्रिल बुधवारी आहे. त्याच्या आधी उत्तर पाहिजे. हो किंवा नाही. 'बघू' हे उत्तर मी धरणार नाही. बघायचं असेल तर ऑफिसातून नाही, खाली या, तीन पूल दाखवते, बोट लावून बघा.

शुक्रवारी पाचवीची पोरं डबा उघडायला तुतीखाली बसतात. ह्या वेळी त्यात एकच चिठ्ठी टाकायची असं त्यांनी ठरवलंय, तुमच्यासाठी. तेव्हा शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, शेवटची घंटा व्हायच्या आत, तिथे येऊन, सगळ्यांसमोर सांगा.